आपत्तीग्रस्तांसाठी देणगी आणि आयकरातील वजावट

पूर, भूकंप, दरड, वादळ किंवा दुष्काळ यांत सापडलेल्यांसाठी पैसे देणाऱ्या करदात्याला भारताच्या आयकर कायद्यात वजावट मिळते. १९६१ च्या आयकर कायद्यात ही तरतूद कलम ८०-जी म्हणून ओळखली जाते. सुरुवातीला अशा देणग्यांची सवलत कलम ८८ खाली होती. १ एप्रिल १९६८ पासून तिची जागा ८०-जीने घेतली. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असून त्यात हीच तरतूद कलम १३३ मध्ये आली आहे. मात्र पावतीपुस्तकांपासून करसल्लागारांच्या बोलण्यापर्यंत ‘ऐंशी-जी’ हेच नाव रुळलेले असल्याने या प्रकरणात जुनेच क्रमांक वापरले आहेत.

वजावट म्हणजे दिलेले पैसे परत मिळणे नव्हे. देणगीची मान्य रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि उरलेल्या उत्पन्नावर कर लागतो. म्हणून वाचणारा कर हा करदात्याच्या दरावर अवलंबून असतो. जुन्या करप्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याने मुख्यमंत्री सहायता निधीला २०,००० रुपये दिले, तर ४ टक्के उपकरासह ६,२४० रुपये कर वाचतो. २० टक्क्यांच्या टप्प्यात हीच बचत ४,१६० रुपये होते. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, किंवा ज्याचे सगळे उत्पन्न करमुक्त शेतीचे आहे, त्याला वजावटीचा काहीच लाभ नाही. देणगी कितीही मोठी असली तरी वजावट उत्पन्नापेक्षा जास्त होत नाही आणि उरलेली रक्कम पुढच्या वर्षी ओढता येत नाही.

कायद्यातील नावे

देणगीचा हेतू कितीही चांगला असो, कायदा आधी पाहतो ते पैसे कुठे गेले हे. ८०-जीमध्ये निधींची आणि संस्थांची यादीच दिलेली आहे. ती वाचताना गेल्या काही दशकांतल्या आपत्ती एकामागून एक समोर येतात.

यादीतला सर्वांत परिचित निधी म्हणजे पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी. फाळणीनंतर पाकिस्तानातून आलेल्या विस्थापितांना मदत करण्यासाठी पंडित नेहरूंच्या आवाहनावरून जानेवारी १९४८ मध्ये तो उभा राहिला. त्यात सरकारी अर्थसंकल्पातून पैसा येत नाही; तो लोकांच्या देणग्यांवरच चालतो. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात झालेल्या भूकंपासाठी पंतप्रधानांचा वेगळा निधी निघाला आणि त्याचेही नाव कलमात घातले गेले. आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावर १९९६ मध्ये आलेल्या चक्रीवादळासाठीचा मुख्यमंत्र्यांचा निधी तर वर्षासकट कलमात नोंदलेला आहे.

महाराष्ट्राची नोंद किल्लारीच्या भूकंपाची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे मातीच्या ढिगाऱ्याखाली गेली आणि हजारो माणसे दगावली. ८०-जीच्या मजकुरात या भूकंपासाठी दोन गोष्टी एकाच वाक्यात आहेत : १ ऑक्टोबर १९९३ ते ६ ऑक्टोबर १९९३ या काळात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली रक्कम, किंवा महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री भूकंप सहायता निधीला दिलेली रक्कम. देशभर लागू असलेल्या कायद्यात एका राज्याच्या निधीसाठी मोजून सहा दिवसांची मुदत लिहिलेली आहे, ती या भूकंपामुळे.

२६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपानंतर कायदा आणखी पुढे गेला. राज्य सरकारच्या भूकंप निधीला तर पूर्ण वजावट मिळालीच. शिवाय एरवी निम्मीच वजावट मिळवून देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांनाही २६ जानेवारी ते ३० सप्टेंबर २००१ या काळात भूकंपग्रस्तांसाठी मिळालेल्या देणग्यांवर शंभर टक्के वजावट देण्यात आली. त्यासाठी संस्थांना या पैशांचा स्वतंत्र हिशेब ठेवावा लागला. ठरलेल्या मुदतीत न खर्चलेली रक्कम पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीत जमा करण्याची अटही होती, आणि ही मुदत शेवटी ३१ मार्च २००४ पर्यंत होती.

प्रत्येक आपत्तीसाठी कलमात नवे नाव घालण्याची गरज पुढे उरली नाही. कोणत्याही राज्याचा मुख्यमंत्री सहायता निधी किंवा केंद्रशासित प्रदेशाचा नायब राज्यपालांचा निधी यांना सरसकट पूर्ण वजावट मिळू लागली. त्यामुळे २०१८ चा केरळचा पूर असो की २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, त्या त्या मुख्यमंत्री निधीला दिलेला पैसा आपोआप या तरतुदीत बसला. कोविडच्या वेळी २७ मार्च २०२० रोजी पीएम केअर्स निधीची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी झाली. ३१ मार्च २०२० च्या अध्यादेशाने त्याचे नाव कलमात आले. आर्थिक वर्ष संपायला तेव्हा काही तासच उरले होते, म्हणून त्या वर्षाच्या वजावटीसाठी देणगी देण्याची मुदतही पुढे नेण्यात आली.

चार गट

देणग्यांचे कायद्याने चार गट केले आहेत.

पहिल्या गटात देणगीची पूर्ण रक्कम वजा होते आणि तिला कमाल मर्यादा नाही. आपत्तीच्या संदर्भात पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी, पीएम केअर्स आणि मुख्यमंत्री सहायता निधी हे तिन्ही याच गटात आहेत.

दुसऱ्या गटात निम्मी रक्कम वजा होते, पण मर्यादा नाही. पंतप्रधान दुष्काळ सहायता निधी या गटात येतो. नेहरू, इंदिरा गांधी आणि राजीव गांधी यांच्या नावांचे न्यास व प्रतिष्ठानही पूर्वी याच गटात होते. २०२३ च्या वित्त कायद्याने ती नावे वगळली.

तिसऱ्या गटात पूर्ण रक्कम वजा होते, पण मर्यादेसह. कुटुंबनियोजनासाठी सरकारला दिलेली देणगी या प्रकारची आहे. आपत्तीशी त्याचा संबंध नाही.

चौथा गट सर्वांत मोठा आहे. आयकर खात्याची ८०-जी मान्यता असलेल्या सगळ्या खासगी धर्मादाय संस्था यात येतात. पूरग्रस्तांसाठी अन्न शिजवणाऱ्या, घरे बांधून देणाऱ्या, वैद्यकीय पथके पाठवणाऱ्या बहुतेक संस्था याच गटातल्या. सरकारला किंवा नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेला धर्मादाय कामासाठी दिलेली देणगीही इथेच मोडते. या गटात निम्मीच रक्कम वजा होते आणि तीही मर्यादेच्या आत.

दहा टक्क्यांची मर्यादा

तिसऱ्या आणि चौथ्या गटांसाठी मर्यादा आहे ती ‘समायोजित’ सकल उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची. सकल उत्पन्नातून दीर्घकालीन भांडवली नफा, शेअर बाजारातील विशेष दराने कर लागणारा अल्पकालीन नफा आणि ८०-जी सोडून बाकीच्या वजावटी काढल्या की समायोजित उत्पन्न उरते.

जुन्या प्रणालीतल्या एका पगारदाराचे उदाहरण घेऊ. प्रमाणित वजावटीचे ५०,००० रुपये गेल्यावर त्याचे सकल उत्पन्न १४,००,००० रुपये आहे. भविष्यनिर्वाह निधी, विमा वगैरे धरून ८०-सीचे १,५०,००० आणि आरोग्य विम्याचे २५,००० रुपये वजा केले की समायोजित उत्पन्न १२,२५,००० रुपये होते. त्याचे दहा टक्के १,२२,५०० रुपये.

या पगारदाराने मुख्यमंत्री सहायता निधीला ३०,००० रुपये दिले आणि मदतकार्य करणाऱ्या एका मान्यताप्राप्त संस्थेला १,५०,००० रुपये दिले. पहिली रक्कम पूर्ण वजा होईल. दुसरीतले १,२२,५०० रुपयेच हिशेबात धरले जातील आणि त्यांचे निम्मे, म्हणजे ६१,२५० रुपये, वजा होतील. एकूण वजावट ९१,२५० रुपये. ३० टक्के दर आणि उपकर धरून वाचलेला कर २८,४७० रुपये. हेच १,८०,००० रुपये सगळे मुख्यमंत्री निधीला दिले असते, तर ५६,१६० रुपये कर वाचला असता. वाचणाऱ्या करात इतका फरक पडत असला तरी गावात प्रत्यक्ष काम करणारी संस्था त्या निधीपेक्षा कमी मोलाची ठरत नाही. कायद्याने दोघांना वेगळे मोजले आहे, इतकेच.

जुनी प्रणाली की नवी

वरचे सगळे हिशेब जुन्या करप्रणालीत लागू पडतात. नव्या करप्रणालीत ८०-जीची वजावट नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली हीच मूळ धरली जाते. जुनी हवी असेल तर ती मुद्दाम निवडावी लागते. पगारदाराला विवरणपत्र भरताना दरवर्षी निवड करता येते, तीही मुदतीत विवरणपत्र भरले तरच. धंदा-व्यवसायाचे उत्पन्न असलेल्याला त्यासाठी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि पुन्हा पुन्हा बदल करण्याची मुभा नसते.

वरच्याच पगारदाराचा २०२५-२६ चा कर दोन्ही प्रणालींत काढला तर चित्र स्पष्ट होते. जुन्या प्रणालीत देणगीच्या वजावटीसह करपात्र उत्पन्न ११,३३,७५० रुपये आणि उपकरासह कर १,५८,७३० रुपये येतो. नव्या प्रणालीत प्रमाणित वजावट ७५,००० रुपये असल्याने करपात्र उत्पन्न १३,७५,००० रुपये होते, पण दर कमी असल्याने कर येतो ८९,७०० रुपये. म्हणजे एक लाख ऐंशी हजारांची देणगी देऊनही या माणसाला जुनी प्रणाली घेणे तोट्याचे आहे. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करच लागत नसल्याने त्याखालच्या पगारदारांना वजावटीचा विचार करण्याचे कारणही उरलेले नाही.

मग या वजावटीचा उपयोग कोणाला? घरकर्जाचे व्याज, घरभाडे भत्ता, विमा अशा सगळ्या वजावटी मिळून ज्यांना जुनीच प्रणाली परवडते, अशा व्यक्तींना. आणि भागीदारी संस्था व एलएलपी यांना. त्यांना व्यक्तींसाठीची नवी प्रणाली लागूच होत नाही, त्या सरळ ३० टक्के दराने कर भरतात, त्यामुळे ८०-जी त्यांना आजही पूर्वीइतकीच उपयोगी आहे. बाजारपेठेतल्या एखाद्या भागीदारी पेढीला पूरग्रस्तांसाठी रक्कम द्यायची असेल, तर ती भागीदारांच्या वैयक्तिक खात्यातून देण्याऐवजी पेढीच्या खात्यातून देणे करदृष्ट्या सोयीचे ठरू शकते.

वस्तू, रोकड आणि ऑनलाइन पैसे

वजावट पैशांनाच मिळते, वस्तूंना नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे राज्यभरातून कपडे, चादरी, बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या आणि धान्य भरून टेम्पो गेले. त्या सामानाची किंमत लाखांत असली आणि दुकानदाराचे बिल हाती असले, तरी त्यावर ८०-जी लागत नाही. श्रमदानाचेही तसेच.

पैसे रोखीने दिले तर २,००० रुपयांपर्यंतच्याच देणगीवर वजावट मिळते. ही मर्यादा पूर्वी १०,००० रुपये होती. २०१७-१८ पासून ती खाली आणली गेली. त्याहून मोठी रक्कम धनादेश, बँक हस्तांतर, कार्ड किंवा यूपीआय अशा मार्गाने जायला हवी. पाच हजार रुपये रोख देऊन पावती घेतली, तर त्यातले दोन हजार तरी मिळतील असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. सगळीच रक्कम बाद होते.

ऑनलाइन देताना पत्ता तपासणे अत्यावश्यक आहे. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्सची घोषणा होताच त्याच्या यूपीआय पत्त्याशी मिळतेजुळते बनावट पत्ते फिरू लागले. एकात तर ‘केअर्स’मधला शेवटचा ‘एस’ तेवढा गाळलेला होता. अशा पत्त्यावर गेलेले पैसे पूरग्रस्ताला मिळत नाहीत आणि वजावटही देत नाहीत. व्हॉट्सअॅपवर आलेल्या क्यूआर कोडपेक्षा निधीच्या अधिकृत संकेतस्थळावरून पैसे भरणे केव्हाही चांगले.

पावती आणि प्रमाणपत्र

पूर्वी संस्थेने दिलेली, ८०-जीचा क्रमांक छापलेली पावती हाच पुरावा होता. २०२१-२२ पासून मान्यताप्राप्त खासगी संस्थांच्या बाबतीत ही पद्धत बदलली. आता संस्थेने वर्षभरातल्या देणगीदारांची माहिती, म्हणजे नाव, पॅन किंवा दुसरा ओळख क्रमांक, रक्कम आणि पैसे कसे दिले, हे फॉर्म १०-बीडीमध्ये आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत कळवावे लागते. त्यानंतर प्रत्येक देणगीदाराला फॉर्म १०-बीई हे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यावरचा क्रमांक विवरणपत्रातल्या ८०-जीच्या तक्त्यात भरायचा असतो. संस्थेने उशीर केला तर तिला दिवसाला २०० रुपये शुल्क पडते, आणि तिने माहितीच कळवली नाही तर देणगीदाराची वजावट अडते.

म्हणून देणगी देतानाच पॅन देणे आणि जूनमध्ये १०-बीई मागून घेणे, ही दोन कामे देणगीदाराची. संस्थेची मान्यता चालू आहे का, हेही पाहायला हवे. २०२१ पासून सर्व संस्थांना नव्याने मान्यता घ्यावी लागली आणि ती आता कायमची नसून ठरावीक वर्षांसाठी असते. जुन्या पावतीपुस्तकावर छापलेला क्रमांक आज वैध असेलच असे नाही. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर संस्थेचे नाव किंवा पॅन घालून ही खात्री करता येते.

मंडळे आणि धर्मादाय नोंदणी

महाराष्ट्रात आपत्तीनंतर गणेशोत्सव मंडळे, गृहनिर्माण संस्था, माजी विद्यार्थ्यांचे गट मदतनिधी गोळा करतात. इथे दोन वेगळ्या नोंदण्यांची गल्लत होते. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी किंवा वर्गणी गोळा करण्याची त्यांची परवानगी ही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालची बाब आहे. ८०-जीची मान्यता आयकर खाते देते. पहिली असली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. मंडळाने गोळा केलेले पैसे पुढे मुख्यमंत्री निधीत भरले, तरी पावती मंडळाच्या नावाची येते आणि वर्गणी देणाऱ्यांना वजावट मिळत नाही. ज्याला वजावट हवी आहे त्याने आपला वाटा थेट निधीत भरून पावतीची प्रत मंडळाकडे दिली, तर दोन्ही साधते. एखाद्या आपद्ग्रस्त कुटुंबाच्या खात्यात थेट पाठवलेले पैसेही या तरतुदीत बसत नाहीत. विशिष्ट धर्मीयांच्या किंवा जातीच्याच हितासाठी असलेल्या संस्थेला ही मान्यता मिळत नाही.

पगारातून कपात

मोठ्या आपत्तीनंतर शासकीय कर्मचारी, शिक्षक आणि बँक कर्मचारी एक दिवसाचे वेतन मुख्यमंत्री निधीला देतात. पैसे कार्यालयामार्फत एकत्र जातात, त्यामुळे निधीची पावती एकच असते आणि ती कार्यालयाच्या नावे निघते. प्रत्येक कर्मचाऱ्याला निधीकडून वेगळी पावती मिळणे शक्य नसते. यावर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जानेवारी २००५ च्या परिपत्रकात तोड काढली : पंतप्रधान, मुख्यमंत्री व नायब राज्यपाल यांच्या निधींना मालकामार्फत दिलेल्या रकमेसाठी आहरण व संवितरण अधिकाऱ्याचे किंवा मालकाचे प्रमाणपत्र पुरेसे आहे. कोविडच्या काळात पीएम केअर्ससाठीही हीच सोय देण्यात आली. कर्मचाऱ्याने वेतनपट आणि फॉर्म १६ मध्ये ही कपात दिसते का, ते पाहून घ्यावे.

कंपन्या

मोठ्या कंपन्यांना कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. आपत्ती व्यवस्थापन, मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणी हे विषय २०१९ मध्ये त्या कामांच्या यादीत आले. पंतप्रधानांचे दोन्ही निधी या खर्चात धरले जातात; मुख्यमंत्री सहायता निधी धरला जात नाही, असे केंद्राने एप्रिल २०२० मध्ये स्पष्ट केले. सामाजिक कामावरचा हा (सीएसआर) खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही. त्यावर ८०-जी मागता येते का, यावर न्यायाधिकरणांपुढे वाद झाले आहेत. स्वच्छ भारत कोष आणि स्वच्छ गंगा निधी यांच्याबाबत मात्र कायद्यानेच स्पष्ट नकार दिला आहे. २२ टक्क्यांचा सवलतीचा दर स्वीकारलेल्या कंपन्यांना ८०-जी मुळीच मिळत नाही.

परदेशस्थ देणगीदार

भारतात करपात्र उत्पन्न असलेल्या अनिवासी भारतीयालाही जुन्या प्रणालीत ही वजावट घेता येते. ज्याचे सगळे उत्पन्न परदेशात आहे, त्याला तिथलाच कायदा लागू होतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाने महाराष्ट्रातल्या संस्थेला थेट पैसे पाठवले, तर अमेरिकेच्या करात त्याला वजावट मिळत नाही. अमेरिकेत स्थापन झालेल्या आणि करमुक्त धर्मादाय दर्जा असलेल्या संस्थेमार्फत दिले तर मिळू शकते.

खोटे दावे

न दिलेली देणगी दाखवून परतावा मागण्याचे प्रकार आयकर खाते आता संगणकीय छाननीतून पकडते. १४ जुलै २०२५ रोजी खात्याने देशभरात सुमारे १५० ठिकाणी एकाच वेळी पडताळणी केली. खोट्या वजावटींच्या त्या प्रकरणांत ८०-जीचाही समावेश होता. उत्पन्न चुकीचे दाखवल्याचे सिद्ध झाले तर वाचवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो.

देण्यापूर्वी तपासायच्या गोष्टी

आपली करप्रणाली कोणती, पैसे जातात तो निधी किंवा संस्था कोणत्या गटात, त्या संस्थेची मान्यता चालू आहे का, रक्कम बँकेमार्फत जाते आहे का आणि प्रमाणपत्र कधी मिळणार, एवढे पाच प्रश्न विचारले की बहुतेक चुका टळतात. नवी प्रणाली घेणाऱ्यांना यातून एक रुपयाही वाचणार नाही. त्यांनी गट आणि टक्केवारी यांचा विचार सोडून द्यावा आणि जिथे मदत लवकर व नीट पोहोचते तिथे पैसे द्यावेत.